कृपया हात लावू नये : प्राग, कुत्ना होरा, स्लावोनित्से

पहिला दिवस

प्रागला आलेला माणूस पहिल्या दिवशी चार्ल्स ब्रिजवर जातो. आम्ही पुलाकडे पाठ फिरवली आणि व्ल्टावा नदीच्या काठाने नॅशनल थिएटरच्याही पुढे चालत राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची ऋता. ती ड्रेस्डेनला शिकते, गाडीत बसली की अडीच तासांत इथे. मी पुण्याहून, दोन विमानं बदलून, पाय सुजवून घेत आलेली.

"मावशी, पूल राहिला."

"पूल काही पळून जात नाही."

(तो शेवटपर्यंत राहिलाच. ट्रॅमच्या खिडकीतून दिसला तेवढा.)

माझ्या येण्याचं कारण फार जुनं आहे. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी एक जेमतेम बारा मिनिटांची फिल्म पाहिली होती. पहिल्या भागात दोन मुंडकी समोरासमोर येतात. एक भाज्या, फळं, पाव यांचं, दुसरं भांडी, चमचे, किसण्यांचं. दुसरं पहिल्याला गिळतं, किसतं, चेचतं, ओकून टाकतं. मग कागद, पट्ट्या, पुस्तकांचं मुंडकं येतं आणि भांड्यांना गिळतं. असं चालत चालत सगळ्यांचा चुरा होतो, आणि शेवटी एकसारखी गुळगुळीत मातीची डोकी एकमेकांना ओकत बसतात. चेक सररिअलिस्ट दिग्दर्शक यान श्वांकमायर यांची ही फिल्म, 'संवादाच्या शक्यता', 1982 ची. बर्लिनला तिला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं, आणि मायदेशी कम्युनिस्ट पक्षाच्या समितीला ती दाखवली गेली ती 'असं करू नये' याचा नमुना म्हणून. मी तेव्हा घरी आले आणि ओट्यावरची किसणी दोन दिवस हातात घेववेना. सररिअलिझम, स्वप्नं आणि अबोध मन यांना मोकळं सोडणारी कलाचळवळ, म्हणजे वितळलेली घड्याळं आणि ढगांत तरंगणारे लोक, एवढीच माझी समजूत होती. हे लोक तर माझ्या स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांच्याच जागा बघायला मी आले.

तर नदीकाठी पाण्यातच उभी असलेली पांढरी, सरळ रेषांची इमारत म्हणजे मानेस, चित्रकारांच्या संस्थेचं प्रदर्शनगृह. 1930 ची. तिला खेटून एक जुना पाण्याचा मनोरा, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. नवी इमारत बांधताना म्हातारा मनोरा पाडला नाही, दोघं दाटीवाटीने उभे आहेत. कम्युनिस्ट राजवटीत गुप्त पोलीस याच मनोऱ्यातून जवळ राहणाऱ्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या नाटककार वाक्लाव्ह हावेल यांच्या घरावर नजर ठेवत. सररिअलिस्टांच्या दारात हे असलं घडावं, हेही आलंच.

21 मार्च 1934 ला प्रागमध्ये सररिअलिस्टांचा गट स्थापन झाला. कवी व्हीतेझस्लाव्ह नेझ्वाल पुढे, चित्रकार यिंद्रिख श्तिर्स्की आणि तोयेन, नाटकवाले यिंद्रिख होन्झल, संगीतकार यारोस्लाव्ह येझेक. कारेल तायगे हे मोठे टीकाकार थोडे मागाहून आले. पुढच्या जानेवारीत मानेसमध्ये गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं, आणि मार्चअखेर पॅरिसहून सररिअलिझमचे म्होरके आंद्रे ब्रेताँ आणि कवी पॉल एल्युआर आले. ब्रेताँचं इथे व्याख्यान झालं. प्राग ही जुन्या युरोपची जादूची राजधानी आहे, असं ते म्हणाले, आणि ते वाक्य आज चुंबकी स्टिकरवर छापता येईल इतकं चालून झालंय.

पुढचं कुणी स्टिकरवर छापत नाही. त्या भेटीत त्यांचा ज्यांच्याशी स्नेह जमला त्यांत झाविश कालांद्रा नावाचे इतिहासकार आणि पत्रकार होते. 1950 साली याच शहरात खोट्या खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली. ब्रेताँने एल्युआरला उघड पत्र लिहिलं : आपल्या मित्राला वाचव. एल्युआर तोवर पक्षाचे लाडके कवी झाले होते. निर्दोष असल्याचं ओरडून सांगणाऱ्यांची कामंच मला पुष्कळ आहेत, गुन्हा कबूल करणाऱ्यांकडे कुठे बघू, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. 27 जून 1950 ला कालांद्रांना फाशी दिली. गिळणारी मुंडकी मला मानेसच्या पायऱ्यांवर बसून पुन्हा आठवली.

थंडी वाजायला लागली तसं उठलो.

दुसरा दिवस

आमची भाड्याची खोली प्रागच्या झिझ्कोव्ह भागात, चढावरच्या एका जुन्या इमारतीत. खिडकीतून टीव्हीचा मनोरा दिसतो आणि त्याच्या अंगावर रांगणारी प्रचंड बाळं. ती शिल्पकार डाव्हिद चेर्नी यांची, आपल्या विषयाबाहेरची. पण सकाळी चहाच्या कपासोबत तेच दर्शन. न्हाणीघर इतकं चिंचोळं की बेसिनला गुडघे टेकल्याशिवाय दार लागत नाही. या न्हाणीघराचं पुढे काम आहे.

ट्रॅमने होलेशोव्हित्से भागातल्या व्हेलेत्र्झनी पालाट्सला गेलो. नावात पालाट्स असलं तरी राजवाडा नव्हे, 1920 च्या दशकात व्यापारी जत्रांसाठी बांधलेली काच आणि काँक्रीटची अवाढव्य इमारत. आता राष्ट्रीय कलादालनाचा आधुनिक विभाग इथे आहे. आत मधोमध मोकळा चौक आणि त्याभोवती मजल्यांवर मजले, जहाजाच्या डेकसारखे.

तोयेनच्या चित्रासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. छापील पुस्तकांत कळत नाही ते इथे कळतं : रंगाचा थर उन्हात तडकलेल्या शेतासारखा आहे. जवळ गेलं की चित्रातली वस्तू दिसेनाशी होते आणि नुसती साल उरते, कुणीतरी सोडून गेलेली. मान पुढे काढून मी एका भेगेत डोकावत होते, तर कोपऱ्यातल्या बाईंनी खुर्चीतूनच 'च्‌च्‌' केलं. हात मी पाठीमागे बांधूनच ठेवले होते, पण त्यांनी माझा चेहरा बरोबर ओळखला असावा.

मग आमचा वाद झाला, व्याकरणाचा. ऋताने कॉलेजात एक सत्र चेक भाषा घेतली आहे.

"मावशी, यांच्यात भूतकाळात आपल्यासारखंच लिंग लागतं. पुरुष म्हणतो शेल येसेम, बाई म्हणते श्ला येसेम. मी गेलो, मी गेले."

"मग?"

"तोयेन बाई. जन्मनाव मारिए चेर्मिनोव्हा. पण स्वतःबद्दल बोलताना कायम शेल. मी गेलो, मी आलो."

इंग्रजीत हे वाचून मला कधी काही वाटलं नव्हतं, कारण इंग्रजीला ते दाखवताच येत नाही. मराठी माणसाला एका क्षणात कळतं की रोजच्या प्रत्येक वाक्यात, दूध आणलं की नाही इथपासून, असं बोलत राहायला काय लागत असेल. तोयेन हे नावही घेतलेलं, फ्रेंच 'सितोयाँ' म्हणजे नागरिक, त्यातलं शेपूट, असं सांगतात. त्याला ना लिंग, ना चेक बायकांच्या आडनावाला लागणारा 'ओव्हा'. आता मी काय लिहू, गेला की गेली? ऋता म्हणाली, आदरार्थी लिही. तेच बरं. तोयेन गेले.

कुठे गेले, तर 1947 मध्ये पॅरिसला, कायमचे. सोबत कवी यिंद्रिख हाइस्लर. त्याआधीची गोष्ट या इमारतीच्या शेजारीच सुरू होते. जर्मन अमलात प्रागच्या ज्यू लोकांना जिथे हजर व्हायचा हुकूम निघे, त्या लाकडी शेड इथे व्हेलेत्र्झनी पालाट्सला लागून होत्या. इथे तीन दिवस जमिनीवर, मग बुब्नी स्टेशन, मग गाडी. हाइस्लर ज्यू होते. त्यांनी हजेरी लावली नाही. ते झिझ्कोव्हला तोयेनच्या घरी लपले, आणि कुणी आलं की न्हाणीघरात. युद्ध संपेपर्यंत.

जर्मन अमलाच्या त्या वर्षांत दोघं काय करत होते? तोयेन 'चांदमारी' या नावाची चित्रमालिका काढत होते : ओसाड माळावर मुलांची खेळणी, मोडकी. हाइस्लर काचेवर व्हॅसलीन फासून त्यातून छायाचित्रांसारख्या प्रतिमा तयार करत होते. बाहेर कॅनव्हास आणायला जाता येत नाही, घरात जे आहे ते घ्यायचं. मला हे फार जवळचं वाटतं. आपल्याकडे कलेची गोष्ट सांगताना प्रेरणा बिरणा येते. इथे व्हॅसलीनची डबी येते.

रात्री दात घासताना मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि दिवा मालवून उभी राहिले. मिनिटभर. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला तर पाइपातून सगळं ऐकू आलं. ऋताने दारावर टकटक केली आणि माझ्या छातीत धस्स झालं. नाटकीपणाच, कबूल आहे.

तिसरा दिवस

प्रागहून कुत्ना होरा तासाभराची गाडी. स्टेशनवरून सेद्लेत्सचं अस्थिगृह चालत दहा-बारा मिनिटं, मधे साधी घरं, अंगणात वाळत घातलेले कपडे. 1278 साली इथल्या मठाधिपतीने जेरुसलेमहून गोल्गोथाची, येशूला क्रुसावर दिलं त्या जागेची, चिमूटभर माती आणून दफनभूमीत टाकली म्हणे, तेव्हापासून इथे पुरलं जावं अशी लोकांची इच्छा. मग प्लेगची साथ, मग हुसाइट युद्धं, धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांची. जमीन पुरेना. जुन्या थडग्यांतली हाडं काढून चर्चच्या तळघरात रचली, सुमारे चाळीस हजार माणसांची. 1870 मध्ये श्वार्झेनबर्ग सरदार घराण्याने फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याला ती नीट लावायला सांगितली.

रिंट यांनी ती लावली म्हणजे काय केलं? झुंबर. मानवी देहातलं प्रत्येक हाड त्यात किमान एकदा आहे. जबड्यांच्या माळा तोरणासारख्या कमानींवर. मालकांची कुलचिन्हाची ढाल हाडांचीच, आणि तीत एक कावळा तुर्क सैनिकाचा डोळा टोचतोय. कावळाही हाडांचा, पंख कुणाच्या तरी बोटांचे असावेत. हे सगळं करून झाल्यावर गड्याने भिंतीवर सही केली. हाडांनी. आडनाव, गाव, साल. तळघरात सगळ्यात जास्त मी त्या सहीपाशी रेंगाळले. चाळीस हजारांतल्या एकाचंही नाव कुठे नाही आणि याने मात्र त्यांचीच हाडं घेऊन स्वतःचं लिहिलं.

फोटोला बंदी आहे. बरं झालं. ऋताने फोन खिशात ठेवल्यावर पहिल्यांदा नीट वर पाहिलं. बरीच वर्षं दुरुस्ती चालू आहे. हाडांचे मनोरे सोडवून, साफ करून पुन्हा रचतात.

रिंटच्या कामाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1970 मध्ये, श्वांकमायरना इथे माहितीपट करायचं काम मिळालं. दहा मिनिटांचा 'अस्थिगृह'. त्यांनी कॅमेरा हाडांवरून इतक्या झपाट्याने फिरवला की कवट्याच आपल्यावर धावून येतात. ध्वनिपटावर खरोखरच्या गाइडबाईंचं घोकलेलं, कंटाळलेलं बोलणं होतं. म्हणजे चित्रात हा थरकाप आणि कानात सरकारी माहिती. नेमकं तेच वरच्यांना रुचलं नाही. बाईंचा आवाज काढून त्या जागी झाक प्रेव्हेर यांच्या कवितेचं जॅझ गाणं घालावं लागलं, संगीत झ्देन्येक लिश्का यांचं. दोन वर्षांपूर्वी रशियन रणगाडे येऊन गेलेले. त्या काळात हाडं चालत होती, कंटाळा चालत नव्हता.

तळघरातून वर आल्यावर भूक लागते, याची लाज वाटते पण लागते. गावातल्या एका खानावळीत बसलो. पाऊण तास कुणी फिरकलं नाही. वेटर आमच्या टेबलाच्या बरोबर मागच्या भिंतीकडे बघत जायचा. श्वांकमायर यांची 1992 ची 'अन्न' नावाची फिल्म आहे, नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण असे तीन भाग. जेवणाच्या भागात दोन गिऱ्हाइकं अशीच वेटरला हाका मारतात. तो बघत नाही. मग ते फुलदाणीतली फुलं खातात, मग नॅपकिन, बूट, पट्टा, कपडे, ताटल्या, टेबलक्लॉथ, टेबल. मी हे ऋताला सांगत होते तेव्हा ती टेबलावरचा कागदी नॅपकिन बारीक बारीक फाडत होती. दोघी एकदम तिच्या हातांकडे बघायला लागलो.

अखेर माझं गोमांस आलं, सायीच्या दाट पिवळट रश्श्यात, पावाच्या वाफवलेल्या जाड चकत्यांसोबत. ऋता शाकाहारी, तिला सहाही दिवस तळलेलं चीज. रस्सा उत्तम होता, राग गेला.

चौथा आणि पाचवा दिवस

स्लावोनित्से ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं गाव. तीन गाड्या बदलायच्या. मधली चुकली, फलाट न बघता बोलत बसल्याने, त्यामुळे दोन तास एका स्टेशनात, जिथे आमच्याशिवाय एक मांजर होतं.

इथे 'व्हालेरिए आणि नवलाचा आठवडा' ही यारोमिल यिरेश यांची 1970 ची फिल्म चित्रित झाली. वयात येणारी मुलगी, तिची आजी, रक्तपिपासू पाहुणा, कानातले डूल. मूळ गोष्ट नेझ्वाल यांची, 1935 ची, म्हणजे ब्रेताँ आले त्याच वर्षीची. त्याच नेझ्वालनी 1938 मध्ये गट मोडीत काढायचा प्रयत्न केला, आणि नव्या कम्युनिस्ट राजवटीत ते सरकारमान्य कवी झाले. तायगे मात्र तिकडे गेले नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यांच्यामागे ससेमिरा लावला आणि 1951 मध्ये हृदयविकाराने ते गेले. घरात साडेतीनशेवर चिकटचित्रं (कोलाज) निघाली, बहुतेक कुणीच न पाहिलेली.

गाव फिल्मपेक्षा शांत. चौकातल्या घरांच्या दर्शनी भिंतींवर गिलावा खरवडून काढलेली सोळाव्या शतकातली चित्रं. प्राग-व्हिएन्ना टपालाचा रस्ता पुढे दुसरीकडून जायला लागला आणि गावाची भरभराट थांबली. गरिबीमुळे जुनं पाडून नवं बांधायची कुणाची ऐपत राहिली नाही. मुक्काम केला, सकाळी धुकं पाहिलं, परत निघालो. पाचवा दिवस गाड्यांमध्येच गेला.

सहावा दिवस

प्रागच्या किल्ल्याच्या मागे नोव्ही स्व्येत, 'नवं जग', नावाची एक उतरती गल्ली आहे. पर्यटकांचा लोंढा वरून किल्ल्यात जातो, इथे दगडी फरसबंदीवर स्वतःची पावलं ऐकू येतात. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी आलेला खगोलवेत्ता टायको ब्राहे इथे काही काळ राहिला. रुडॉल्फचा वस्तुसंग्रह युरोपात गाजलेला : गेंड्याची शिंगं, घड्याळं, दगड, वनस्पती, सगळं एकत्र मांडलेलं. भाज्या आणि फळांची माणसं रंगवणारा आर्चिंबोल्दो त्याचाच चित्रकार. 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने संग्रहातलं बरंच काही लुटून नेलं. श्वांकमायर स्वतःला या रुडॉल्फच्या प्रागचे वारस मानतात. 1982 ची ती मुंडकी थेट आर्चिंबोल्दोच्या घरातली.

गल्लीलगतच्या चेर्निन्स्का रस्त्यावर गाम्ब्रा, सररिअलिस्टांचं छोटं दालन, यान आणि एव्हा श्वांकमायर यांच्या घरातलं. दार बंद. उघडायच्या वेळा पाहून यायला हव्या होत्या, मी पाहिल्या नाहीत, पुण्याहून निघताना बाकी सगळं पाहिलं. ऋता काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

पायरीवर बसून मी तिला एव्हांबद्दल सांगितलं. त्या चित्रकार, सिरॅमिकही करत. दोघं 1970 मध्ये व्राटिस्लाव्ह एफेनबेर्गर यांच्याभोवतीच्या सररिअलिस्ट गटात आले, तेव्हा गटाला उघडपणे काही छापणंही अशक्य झालं होतं. 1969 मध्ये निघालेल्या 'आनालोगोन' या त्यांच्या मासिकाचा पुढचा अंक 1990 पर्यंत आला नाही. झाडाच्या बुंध्याला बाळ मानून वाढवणाऱ्या जोडप्याची 'ओतेसानेक' ही फिल्म, त्यातल्या लोककथेची चित्रं एव्हांची. 2005 मध्ये त्या गेल्या.

आणि स्पर्शाची गोष्ट. 1972 नंतर सात वर्षं श्वांकमायरना स्वतःच्या फिल्म करू दिल्या नाहीत. डोळ्यांचं काम बंद, तर त्यांनी हातांचं सुरू केलं. झाकलेल्या वस्तू चाचपून पाहायच्या, कुणाला काय आठवतं ते लिहायचं. केवळ बोटांनी वाचायच्या कविता, चित्रं. त्यातूनच पुढे 1996 च्या 'सुखाचे कटवाले' या फिल्ममधल्या माणसाची हत्यारं आली : खिळे आणि केसाळ कातडं बसवलेली लाटणी, ब्रश, रबरी टोप्या, सगळं अंगावरून फिरवायला.

"लाटणं?" ऋता म्हणाली. "आईच्या लाटण्याला हे कळता कामा नये."

समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला होता. आत वीट, विटेत एक गंजलेला हूक, त्याखाली ओघळाचा डाग. एमिला मेडकोव्हा या छायाचित्रकार बाईंनी आयुष्यभर प्रागमध्ये हेच टिपलं : सोललेल्या भिंती, दारांवरची भोकं, आणि त्यांत अचानक दिसणारा चेहरा. चेहरा एकदा दिसला की भिंत पुन्हा भिंत होत नाही. इथे डाव्या बाजूला एक डोळा होता, हुकाचं नाक. राखणारं कुणी नव्हतं, खुर्चीतल्या बाई नव्हत्या, फलक नव्हता. मी हात ठेवला. गार, आणि ओलसर. बोटांना पिठासारखा चुना लागला. ऋतानेही ठेवला, नाकापाशी.

खोलीवर येऊन सामान भरलं. त्या बारा मिनिटांच्या फिल्मच्या शेवटच्या भागात दोन म्हाताऱ्यांची मातीची डोकी तोंडातून वस्तू काढतात : एकाने ब्रश काढला की दुसरा टूथपेस्ट, पावाला लोणी, बुटाला नाडी, पेन्सिलीला टोकयंत्र. आधी सगळं जुळतं. मग क्रम चुकतो, ब्रशवर लोणी लागतं, पाव टोकयंत्रात जातो आणि दोघं थकून तडकतात.

ब्रश आणि पेस्ट मी एका पिशवीत घातले. उरलेला पाव आणि लोण्याची वडी ऋताला गाडीत खायला दिली. बुटांच्या नाड्या बांधल्या. पेन्सिल वहीत सापडली. टोकयंत्र कुठेच मिळेना. पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, ऋताने माझा कोटसुद्धा झटकला, तर खिशातून थोडा चुना पडला.